प्राजूचं एकोणिसावं वर्ष

"आकडे खोड," आत्या म्हणाली.

"सगळे?"

"बाराच्या बारा."

मी रबर घेतलं आणि कुंडलीतले राशींचे आकडे एकेक करून खोडायला लागले. मेष, वृषभ, मिथुन, सगळ्यांची नुसती पावडर झाली. फुंकर मारली तर ती आत्याच्या चहात पडली.

"आता वाच."

"आता काय वाचू? राशीच नाहीत!"

"रास म्हणजे गावाचं नाव, मनवा. पाकिटावर नुसतं 'मिरज' लिहून पेटीत टाक, पोस्टमन कुठे देईल? गल्ली लागते. नक्षत्र म्हणजे गल्ली."

"आणि बारा घरं?"

"त्या घरात कोण राहतं, भाऊ, आई, नवरा, ते."

"आणि दशा?"

"पोस्टमन किती वाजता येणार, ते." आत्यानं रबराच्या पावडरीसकट चहाचा घोट घेतला. "रास पेपरवाल्यांना लागते. 'कन्या : आज खर्च वाढेल.' सगळ्या कन्यांचा एकदम? बाजार बसेल."

ही माझी शकूआत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती, त्यामुळे कुणीही समोर बसलं की ती "बोला" म्हणायची, ते अगदी ट्रंककॉल जोडून दिल्यासारखं. रिटायर झाल्यावर तिनं मिरजेतल्या तिच्या दोन खोल्यांत पत्रिका बघायला सुरुवात केली असं आमच्याकडे सांगतात, पण ती नोकरीत असतानाही बघायचीच. सहावीची परीक्षा झाली आणि मला तिच्याकडे धाडलं, त्या सुट्टीची ही गोष्ट. त्या वर्षी मी आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आले होते, आणि आपल्याला आता जगातलं काहीही येऊ शकतं अशी माझी ठाम समजूत झाली होती. (अजूनही थोडी आहे. दहावीचं वर्ष आहे, लागते.) मला फक्त एकच हवं होतं. आत्यानं एकदा, फक्त एकदा, समोर बसलेल्या खऱ्या माणसाची पत्रिका मला वाचू द्यावी.

"अजून वेळ आहे," ती म्हणायची.

तिचे नियम तीन. रास विचारायची नाही. मरणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि कुणी रात्रीचा जन्म सांगितला, तर पुढचं काहीही करायच्या आधी विचारायचं, "झोपायच्या आधीचा वार सांगताय की उठल्यावरचा?" कारण आपल्या लोकांचा वार उजाडल्यावर बदलतो आणि कॅलेंडरची तारीख रात्री बाराला. कुणी म्हणालं बुधवारी रात्री दोनला झाला, तर तारीख गुरुवारची धरायची. नाहीतर अख्खा दिवस मागे जातो. हे तिनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं, आणि मी ते वहीत लाल पेनानं लिहून ठेवलं होतं.

मालनमावशी आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पंखा गरम वारा मारत होता. त्या दारातच चपला काढून, पदरानं मान पुसत आत आल्या आणि टेबलावर बेदाण्याची पिशवी ठेवली. तासगावकडच्या एका शेडवर त्या बेदाणा निवडायचं काम करायच्या. त्यांची बोटं कायम चिकट चिकट वाटायची, धुतलेली असली तरी. दर वैशाखात त्या एकदा यायच्या, मुलीचं वर्षफल विचारायला.

"बोला," आत्या म्हणाली. पण नेहमीसारखं नाही. हळू.

"औंदा एकोणीस लागलं बगा प्राजूला."

"हो की." आत्यानं वही काढली. जुनी, कापडी पाठीची. शोधायला लागलं नाही, पान आपोआप उघडलं. "राहूमध्ये गुरू चालू आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे लग्नाचं वर्ष."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात की काय, पण त्या हसत होत्या. "जमंल?"

"जमेल. दिवाळीनंतर. नदीच्या पलीकडचं स्थळ येईल."

"पोरगा कसा आसंल?"

"सातव्या घराचा मालक सूर्य. सरळ असेल. जरासा तापट."

"तापट कशापाई ओ! चांगला बगा की जरा."

"मी काय दुकानात बसलेय का, मालन, दुसरा दाखवा म्हणायला?"

दोघी हसल्या. मग मावशींनी विचारलं, "उंची किती झाली आसंल ओ तिची?"

आत्याचं बोट पानावर थांबलं. "तुझ्याएवढी," ती म्हणाली. "दोन बोटं जास्तच."

"बापावर गेली मग."

मी कोपऱ्यात शेंगा सोलत बसले होते. माझे हात थांबले. स्वतःच्या मुलीची उंची दुसऱ्याला कोण विचारतं? नंतर त्यांनी केसांचं विचारलं, लांब ठेवलेत का कापलेत. डोकं दुखायचं ते थांबलं का, हेही विचारलं. आत्या प्रत्येकाचं उत्तर देत होती, वहीत बघून, जणू तिथे खरंच लिहिलं होतं. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं : प्राजू पळून गेली असणार. आमच्या वर्गातल्या सईची बहीण गेली होती, तिची आईसुद्धा अशीच कुणाकुणाला विचारत फिरायची.

मावशी गेल्यावर मी विचारलं, "आत्या, ती प्राजू असते कुठे?"

"दूध बघ, उतू जाईल."

दूध गॅसवर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. काचबिंदू होता तिला, तेव्हा नुकताच कळलेला. निघताना तिनं माझ्या हातात एक लिफाफा दिला. मालनमावशींना ती वर्षफल मोठ्या अक्षरात लिहून द्यायची, म्हणजे त्यांना घरी अक्षर लावत लावत वाचता यायचं.

"चारला येईल ती. पाणी दे, लिफाफा दे. तोंड उघडू नकोस."

"'घ्या पाणी' एवढं तरी म्हणू?"

"तेवढंच म्हण."

ती गेली आणि मी पंधराव्या मिनिटाला ती कापडी पाठीची वही काढली. वाईट हेतू नव्हता, आईशप्पथ. मला सराव करायचा होता. मी प्राजूची कुंडली कागदावर उतरवली, राशींचे आकडे खोडले, शहाण्या मुलीसारखी घरं मोजली. चंद्र आठव्यात. राहू दुसऱ्यात. नक्षत्र हस्त. मग पानाच्या कोपऱ्यात आत्याच्या बारीक अक्षरातली ओळ दिसली. "बुधवार रात्री २ वा." आणि खाली तारीख.

मी त्या सालाचं पंचांग काढलं. तारीख बुधवारचीच होती.

मी तीन वेळा बघितलं. मग खुर्चीवरून उठून खोलीत एक गोल चक्कर मारली. शकूआत्या चुकली होती! आपलाच नियम विसरली होती! तारीख गुरुवारची हवी होती. मी बसले आणि सगळं पुन्हा मांडलं. गंमत म्हणजे चोवीस तास पुढे नेलं तरी जन्मलग्न तेच राहिलं, कुंभ. रासही तीच, कन्या. नुसती रास बघणाऱ्याला हा फरक जन्मात दिसला नसता. फक्त चंद्र हस्तातून पुढच्या नक्षत्रात गेला होता, चित्रात. गाव तेच, गल्ली बदलली. आणि गल्ली बदलली की पोस्टमनची वेळ बदलते. हस्तात जन्म असला की चंद्राच्या दशेनं सुरुवात होते, प्राजूला ती साडेआठ वर्षांपर्यंत होती. चित्राची सुरुवात मंगळानं. मी त्रैराशिक मांडलं, आम्हाला नुकतंच शिकवलं होतं. मंगळ सहा वर्षं एक महिना, आणि तिथून राहू.

ते मी सुंदर अक्षरात लिहिलं, समासही सोडला.

मावशी चारच्या आधीच आल्या. मी पाणी दिलं. "घ्या पाणी" म्हणाले. लिफाफा दिला. त्यांनी तो कमरेला खोचला आणि निघाल्या, आणि मला राहवेना.

"मावशी, थांबा ना. तुमच्या प्राजूची पत्रिका चुकलीये."

"आँ?"

"मी बरोबर केलीये. एक दिवसाचा घोळ होता. बसा, वाचून दाखवते."

त्या बसल्या. माझ्याकडे असं बघत, जसं लोक मंडपात भाषण सुरू व्हायच्या आधी बघतात. मी घसा साफ केला. "तर, चित्रा नक्षत्र. मुलगी हुशार, नीटनेटकी, रंगांची आवड—"

"व्हय, रंगांची व्हती."

"जन्माला मंगळाची दशा. ती संपते सहा वर्षं एक महिन्याला."

"किती?"

"सहा वर्षं एक महिना. फार तर पाचदहा दिवस इकडेतिकडे."

"तू मोजून काढलंस हे?"

"त्रैराशिकानं!" मी म्हणाले. "आणि तिथे राहू लागतो. तो बसलाय दुसऱ्या घरात, म्हणजे मारक—"

शब्द तोंडातून गेला तेव्हाच कळलं. मी सावरायला लागले, भराभरा. "म्हणजे आजारपण वगैरे. किंवा पाण्याचं भय. पण ती त्यातून वाचली ना, म्हणजे पुढे—"

"वाचली न्हाई," मावशी म्हणाल्या.

अगदी साधं म्हणाल्या. दूध संपलं असं सांगावं तसं.

"शाळा सुरू हून आट दिस झालं व्हतं. पैलीत गेल्ती. म्या शेडवर गेले आन् डबा घरीच राहिला. ती डबा घिऊन निगाली माज्यामागनं, कालव्याच्या कडंकडंनं." त्या थांबल्या. "तिसऱ्या दिशी गावली. कालव्याच्या खालच्या दारापाशी अडकलेली."

मी माझ्या कागदाचा समास बघत राहिले. मी, जी सहा मिनिटं न थांबता बोलून ढाल घेऊन आले होते.

"गावायच्या आदी, दुसऱ्या दिशी मी हितंच आले व्हते, ताईंकडं. ताई म्हनल्या, जित्ती हाय, घरी जा, यील. म्या घरी जाऊन दार उघडं टाकून बसले." त्यांनी माझा कागद ओढून घेतला. "मंग ह्यो खरा?"

मी मान हलवली.

"आन् ताईंचा?"

"त्यात... एक दिवस चुकलाय."

"एक दिस." त्यांनी लिफाफा काढून माझ्या कागदाशेजारी ठेवला. चिकट बोट माझ्या कागदावर टेकवलं. "हिच्यात किती वर्सांची हाय ती?"

"सहा," मी म्हणाले. त्यांनी कान पुढे केला. "सहा."

"आन् ह्यात?"

"एकोणीस."

त्या दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होत्या. खाली रस्त्यावर कुणीतरी गॅसच्या टाक्या उतरवत होतं, तो ठणठणाट येत होता. मग त्यांनी माझा कागद चार घड्या घालून माझ्या मुठीत दिला आणि मूठ मिटवली, लहान मुलाला खाऊ देतात तशी. लिफाफा फोडला आणि पुढे केला.

"वाच. ताईंचं अक्षर मला लौकर लागत न्हाई."

"मावशी..."

"लग्नाचं वाच."

मी वाचलं. राहूत गुरूची अंतर्दशा. दिवाळीनंतर योग. नदीच्या पलीकडचं स्थळ. घरची माणसं चार. सासू बोलायला फटकळ पण मनाची चांगली. मी पुटपुटल्यासारखं वाचत होते.

"मोट्यानं वाच की," त्या म्हणाल्या. "बक्षीस मिळालंय न्हवं तुला?"

मग मी मोठ्यानं वाचलं. स्टेजवर वाचतात तसं, विराम घेत, शेवटच्या ओळीपर्यंत. एका खऱ्या माणसासमोर मी वाचलेली ती पहिली पत्रिका. वाचताना मला दिसत होती ती, खरंच दिसत होती, दारातून आत येताना, दोन बोटं उंच, वेणी पुढे घेतलेली. मी कागदावरून नजर वर केली नाही. वर केली असती तर ती तिथे उभी असती अशी मला खात्री होती.

मावशींनी लिफाफा परत कमरेला खोचला. चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताईंस्नी ह्यातलं काय बोलू नगंस. डोळं अधू झाल्यात त्यांचं. आपलं चुकलं आसं त्यांस्नी कळलं, तर जिवाला लावून घेत्याल."

आत्या सहाला आली. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे तिला अक्षर काय, माझं तोंडसुद्धा धड दिसत नव्हतं. मी पंचांग जागेवर ठेवलं होतं. वही जागेवर. कागद माझ्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात. ती खुर्चीत बसली आणि सवयीनं पंचांगांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. तिची बोटं सालांवरून खाली खाली गेली. एका ठिकाणी थांबली. मी ते एक पंचांग उलटं ठेवलं होतं.

"चित्रा आलं ना?" ती म्हणाली.

मी खाली बसले.

"तिला दाखवलंस?"

"नाही," मी म्हणाले.

"खरं सांग."

"नाही, आत्या. पाणी दिलं, लिफाफा दिला."

तिनं माझ्या दिशेनं बघितलं, ओल्या, मोठ्ठ्या झालेल्या बुबुळांनी. मग ती बोलायला लागली, जणू फोनवर पलीकडे कुणी आहे आणि लाईन कधीही तुटेल.

"मालन त्या दिवशी दारात उभी होती. आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं तिनं. 'बुधवारी रात्री दोनला झाली' म्हणाली. मी विचारलंच नाही, कुठला वार ते. सगळ्यांना विचारते, तिला नाही विचारलं. घाई झाली. हस्त आलं, चंद्राची दशा. आईच्या मांडीवर झोपलेलं लेकरू दिसावं तसं होतं ते. मी म्हटलं, आहे. घरी जा."

"मग?"

"ती गेली. मी कुकर लावला. दुसरी शिट्टी झाली आणि लक्षात आलं. मांडून बघितलं." तिनं डोळे पुसले, औषध होतं की काय कोण जाणे. "ती अजून बसस्टँडवर असेल, दहा मिनिटांचं तर अंतर."

"मग गेली का नाहीस?"

"काय सांगायला?"

मी दप्तर जवळ ओढलं.

"वर्षानं आली. मला वाटलं भांडायला आली. मी म्हटलं, येऊ दे, मारू दे. तर इथे बसली आणि म्हणाली, ताई, औंदा दुसरीत गेली आसती, कशी हाय बगा की. मग मी तेच पान काढलं. दुसऱ्या पानावर तर काहीच नव्हतं." ती माझ्याकडे वळली. "तिला कळता कामा नये, मनवा. तिला वाटतं पत्रिका बरोबर आहे. तेवढंच आहे तिच्याकडे."

"नाही कळणार," मी म्हणाले.

याला आता तीन वर्षं झाली. आत्याचे डोळे दुसऱ्या वर्षीच गेले, उजेड आणि काळोख एवढंच कळतं. लोक यायचे कमी झाले. पण वैशाखात मी मिरजेला जातेच, दहावी असली तरी गेले. आईला म्हटलं, अभ्यास होतो तिथे.

मालनमावशी या वर्षी जरा थकलेल्या दिसल्या. आत्या खिडकीजवळ बसली होती, तोंड उजेडाकडे करून. टेबलामागे मी. वही उघडली, पान आपोआप पडलं.

"बोला," मी म्हणाले.

"बाविसावं लागलं बगा. काय म्हनती सासरी?"

"बरं चाललंय." मी पानावर बोट ठेवलं. "सासूशी जमलं आता. पहिल्या वर्षी जरा खडखड होती ना?"

"व्हती की. मागल्या साली तूच सांगितलंस."

"पाचवं घर बघ," आत्या खिडकीतून म्हणाली, मान न वळवता.

मी पाचवं घर बघितलं. संततीचं. गुरूची तिथे नजर होती. एक दिवस चुकलेल्या त्या पानावर ती स्पष्ट पडली होती, पुसट वगैरे अजिबात नाही. मी वर बघितलं. मावशी पुढे झुकल्या होत्या. आत्याचे हात मांडीवर स्थिर होते. दोघींपैकी एकीलाही दुसरीचं तोंड दिसत नव्हतं, आणि दोघींची मला दिसत होती.

"दिवस गेलेत," मी म्हणाले.

"आगं बया." मावशींनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "कितवा?"

"तिसरा लागेल."

"बाळतपणाला हिकडंच यील न्हवं?"

पंखा फिरत होता. आत्यानं मान वळवली आणि न दिसणारे डोळे माझ्यावर लावून वाट बघत राहिली.

"हो," मी म्हणाले. "पहिलं माहेरीच असतं."

मालनमावशी लगबगीनं उठल्या. पिशवी उचलली, पेल्यातलं पाणी अर्धं तसंच राहिलं.

"मग निगते मी," त्या म्हणाल्या. "घरात काय सुदीक तयारी न्हाई."